नेवऱ्यांना हाक न आलेली बाई

गोव्यात चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला वाड्यावरच्या बायका एकमेकींकडे जमतात. समजा, त्यांतली एक महिन्यापूर्वी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून बांबोळीच्या इस्पितळातून घरी आली आहे. घरच्यांनी ‘पोटात दुखत होतं’ एवढंच सांगितलंय, पण शेजारणींना खरं कळलंय. यंदा तिला हाक येत नाही. ती दिसली की बोलणं थांबतं; धाकट्या बहिणीचं लग्न आता कसं जमणार, हे मात्र तिच्या कानावर पडतं. ‘लोक कितें म्हणटले’ या धास्तीने घरचेही तिला पुन्हा डॉक्टरकडे नेत नाहीत.

आणि नेमके हेच आठवडे तिच्यासाठी सर्वांत जोखमीचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, आपल्या चेन्नईसह, अशा प्रयत्नानंतर इस्पितळात आलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला. साधारण निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी त्याखेरीज तासभर बोलणं झालं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा, फोनवर किंवा भेटून, विचारपूस झाली. २००८ साली निष्कर्ष आले: नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येने गेले, विचारपूस झालेल्यांपैकी ०.२ टक्के. या दुसऱ्या गटाला नवं औषध दिलेलं नव्हतं. कुणीतरी पुन्हा पुन्हा ‘कशी आहेस?’ विचारत होतं. कलंक हेच विचारणं बंद पाडतो.

‘हट्टी आहे, नाटक केलं’ असं बाईबद्दल जरा जास्तच सहज बोललं जातं. उत्तर गोव्यातल्या १८ ते ५० वयाच्या स्त्रियांचा काही काळ मागोवा घेतलेल्या अभ्यासात अशा प्रयत्नांशी जोडलेल्या दोन ठळक गोष्टी आढळल्या: नैराश्य-चिंतेसारखे आजार आणि वाट्याला आलेली हिंसा. तिला नावं ठेवताना घरातल्या मारहाणीबद्दल कुणी बोलत नाही, याचा मला राग येतो. ‘प्रयत्न फसला’ हे शब्दही मला खुपतात. जीव वाचला, त्यात फसलं काय?

पोलिसांची भीती अजून आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतं आणि तिच्या उपचारांची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं.

‘ते विचार अजून येतात का?’ असं थेट विचारल्याने मनात नसलेला विचार रुजत नाही. अनेकींना उलट हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि तिच्या शेजारी बसून तुम्हीच तो लावला तरी चालतो.