बर्फाचं पाणी नदीला कधी येतं?

जुलैअखेर नवी मुंबईत एकच चौकशी असते: शहराला पाणी देणारं मोरबे धरण किती मीटरवर आलं? 88 मीटर, म्हणजे काठोकाठ, गाठले की वर्षभराची चिंता मिटली. आपल्याकडे सह्याद्रीत पडलेला पाऊस काही तासांत उल्हास नदीत येतो, बारवी धरणही बघता बघता वाहू लागतं. सतलजचं तसं नाही. हिवाळ्यातलं पाणी तिथे बर्फ होऊन डोंगरावर थांबतं आणि उन्हाळ्यात उतरतं. तिच्यावरचं भाक्रा धरण भरायचा हंगाम 21 मेपासून धरतात. त्या वेळी आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकर फिरत असतात.

तिकडे म्हणून ‘किती’ इतकाच ‘कधी’ हाही प्रश्न. त्यातल्या ‘किती’चं उत्तर शोधलं ते चक्क लॅटिनच्या एका प्राध्यापकाने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या नेवाडात जेम्स चर्च पोकळ नळी बर्फात खुपसून आतला बर्फ तोलू लागले. वजनावरून पाणी कळे आणि टाहो तलाव किती चढेल याचा अंदाज बांधता येई. भारतात हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी त्याही आधी, 1884 मध्ये, हिमालयात बर्फ जास्त तर मान्सून कमी, असं मांडलं होतं. आपल्या पावसाच्या अंदाजाची सुरुवातच बर्फ बघून झाली!

‘कधी’कडे लक्ष गेलं ते बरंच उशिरा. 1987 मध्ये जलतज्ज्ञ मॉरिस रूस यांनी दाखवलं की कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटो नदीच्या वर्षभराच्या पाण्यातला एप्रिल ते जुलैचा वाटा घटत चाललाय. मग 2005 मध्ये आयरिस स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी पश्चिम उत्तर अमेरिकेतल्या 302 ठिकाणच्या 1948 ते 2002 च्या नोंदी तपासल्या. वर्षाचं निम्मं पाणी वाहून जाण्याचा दिवस अनेक नद्यांत एक ते चार आठवडे अलीकडे आला होता.

कारण मुख्यतः ऊब: बर्फाऐवजी पाऊस पडतो, साठलेला बर्फही लवकर सुटतो. धूळही हातभार लावते. मासळी बाजारात बर्फाची लादी भुशात ठेवतात. जाड थर ऊन अडवतो. पातळ काळपट धूळ मात्र उलट ऊन शोषून घेते. हिमालयात मान्सून आणि हिमनद्यांचं पाणी त्यातच मिसळतं, त्यामुळे हिशोब इतका सरळ सुटत नाही.

घोळ होतो तो धरणावर. पुरासाठी जागा रिकामी ठेवायच्या दिवसांतच पाणी येऊन थडकलं, तर ते साठवता येत नाही. सोडूनच द्यावं लागतं.