तोंड धुताना तोल का जातो?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या ओळखीच्या एका वहिनींची पहिली तक्रार अगदी साधी होती. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनपाशी तोल जायचा. रात्री लाइट गेली की तेच. "पायाखाली जमीनच लागंना झालीया," असं त्या म्हणायच्या आणि घरचे अशक्तपणावर टॉनिक आणायचे. पुढे एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसचं निदान झालं.

वहिनींचं वाक्य शास्त्राच्या कसोटीवरही नेमकं होतं. आपण उभे असतो तेव्हा मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेत असतो : डोळे, आतला कान आणि पायांच्या तळव्यांतल्या, घोट्यांतल्या संवेदना. त्यातली पायांची वाट सगळ्यांत लांबची, अख्खा मज्जारज्जू चढून जाणारी. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिन नावाचं वेष्टन कुरतडते. मग संदेश रेंगाळतो, कधी वाटेतच विरतो. शरीर कललंय ही खबर वर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. मेंदू ही तूट डोळ्यांकडून भरून काढतो. डोळे मिटले की ती उधारीही बंद.

अशा माणसाला व्यायाम सांगायचा की विश्रांती? कितीतरी वर्षं उत्तर होतं, विश्रांती. त्यालाही कारण होतं. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890च्या सुमारास नोंदवलं होतं की श्रम झाले की या रुग्णांची नजर अंधूक होते. अंग तापलं की वेष्टन गेलेल्या तंतूंतून संदेश आणखी अडखळतो, एवढाच त्याचा अर्थ. अंग निवलं की नजर पूर्ववत होते. नवी इजा झालेली नसते. पण भीती बसली ती बसलीच. 1996मध्ये अमेरिकेत युटा इथल्या संशोधकांनी 54 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला 15 आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम दिला. त्यांचा दम वाढला, आजार मात्र बळावला नाही.

तोलासाठी नुसती सायकल पुरत नाही. तोल मुद्दाम अडचणीत आणावा लागतो, पण पडू न देता. भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, पुढ्यात जड खुर्ची, शेजारी घरचं कुणीतरी. आधी पाय जुळवून, मग एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून. ते जमलं की डोळे मिटून. मग घडी घातलेल्या गोधडीवर, म्हणजे तळव्यांना आणखी बारीक कान द्यावा लागतो. मान डावी-उजवीकडे वळवताना नजर एका ठिपक्यावर स्थिर ठेवायची. कोलोरॅडो विद्यापीठात 88 रुग्णांवर झालेल्या आणि 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असेच तोलाचे आणि नजरेचे व्यायाम दिले होते. त्यांचा तोल सुधारला. यातून मायलिन परत उगवतं असा दावा कुणी करू नये. उरलेल्या वाटा मेंदू जास्त हुशारीने वापरायला शिकतो.

चालता चालता मंडईतला हिशोब करायला लावणं हाही व्यायामच. लक्ष दोन ठिकाणी वाटलं गेलं की बोलता बोलता पाय अडखळतो, त्याचाच हा सराव.

आपल्या कोल्हापुरात मेहनत म्हटलं की घाम निथळेपर्यंत, ही तालमीची सवय. इथे ती आवरावी लागते. खुर्चीतून दहा वेळा उठबस, मग बसून विश्रांती, मग पुन्हा. वेळ सकाळची, पंखा चालू, मानेवर ओला पंचा. व्यायामानंतर आलेली धूसर नजर किंवा जडपणा थोड्या वेळात उतरतो. नवी लक्षणं दिवसभरानंतरही टिकली, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टला गाठायचं. कोणता व्यायाम किती, हे फिजिओथेरपिस्टने तपासूनच ठरवावं. एकाचा एमएस दुसऱ्यासारखा नसतो.

आणि एक गोष्ट लिहिताना कोल्हापूरकर म्हणून जीवावर येतं : पाऊल उचलताना चवडा खाली लोंबत असेल, तर कोल्हापुरी चप्पल कपाटात ठेवावी. तिला मागे पट्टा नाही, टाच धरली जात नाही. मागून बंद, हलका बूट हवा. गरज पडली तर घोट्याला स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार.

वहिनी आता उजाडता उजाडता रंकाळ्यावर जातात, काठी घेऊन. बाकडं दिसलं की बसतात, पुन्हा उठतात. बेसिनपाशी मात्र अजूनही एक हात कडेला धरलेला असतो.