आकाशातली ऊ बुडीतून वर का येईना?

घरी बनवलेल्या विमानांच्या चित्रफिती हल्ली रोज फिरतात. खाली हमखास एक शेरा असतो : ‘उडालं ना? मग झालं!’ हे मला पटत नाही. विमान उडणं ही अर्धीच परीक्षा. नाक खाली गेल्यावर ते परत वर येतं का, ही उरलेली अर्धी.

फ्रान्समधल्या आंरी मिन्ये या हौशी माणसाचं ‘पू द्यू सिएल’, म्हणजे ‘आकाशातली ऊ’, सप्टेंबर १९३३ मध्ये उडालं. लाकूड, प्लायवूड, कापड आणि लहानसं इंजिन. पंखांचा पसारा सुमारे ६ मीटर. १९३४ साली त्याने सगळी मापं पुस्तकात छापली आणि फ्रान्स-इंग्लंडमध्ये शेकडो लोकांनी आपापल्या शेडमध्ये ठोकाठोकी सुरू केली. हात आणि पाय यांचा मेळ घालून विमान चालवणं मिन्येला जमत नसे. म्हणून त्याने एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या) आणि पायांची पॅडल काढूनच टाकली. सगळं काम एका काठीवर.

खरी गंमत पंखांत आहे. पुढचा पंख वर, बिजागरीवर हलणारा. मागचा त्याच्या खाली, पक्का बसवलेला. काठी ओढली की पुढच्या पंखाचा कोन वाढतो, त्याची उचल, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर, वाढते, नाक वर येतं. दोन्ही पंख इतके जवळ की पुढच्याची मागची कड आणि मागच्याची पुढची कड यांच्यात एक फट राहते. तिच्यातून वेगाने जाणारी हवा मागच्या पंखाच्या पाठीवरून वाहते आणि त्यालाही जास्त उचल देते.

आता विमान बुडी मारतंय असं समजा. वैमानिक काठी ओढतो. पुढच्या पंखाचा कोन वाढतो, पण त्याच वेळी त्याची मागची कड खाली येऊन फट अरुंद होते आणि मागच्या पंखाची उचलही वाढते. पलंग उचलताना डोक्याकडचा माणूस जोर लावतो, तेव्हा पायाकडच्यानेही तेवढाच लावला तर पलंग कलणार कसा? गुरुत्वमध्याच्या पुढची उचल नाक वर ढकलते, मागची खाली. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. बुडी सुमारे १५ अंशांहून तीव्र झाली की काठी पूर्ण ओढूनही नाक वर येत नसे. उलट विमान आणखी खाली जाई.

१९३५-३६ मध्ये माणसं मेली. मग इंग्लंडात फार्नबरो आणि फ्रान्समध्ये शाले-मदाँ इथल्या वातबोगद्यांत, म्हणजे जोराचा वारा सोडणाऱ्या मोठ्या बोगद्यांत, अख्खं विमान ठेवून बळं मोजली, तेव्हा हा दोष आकड्यांत दिसला. ब्रिटनने उड्डाणाचे परवाने थांबवले.

१८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्याचा ना आराखडा आहे, ना मोजमाप, त्यामुळे तपासायलाच काही नाही. मिन्येचा प्रत्येक खिळा कागदावर होता, म्हणून चूक सापडली. पुढे पंखांमधल्या अंतराचा आणि गुरुत्वमध्याच्या जागेचा नव्याने विचार झाला. त्याच दोन-पंखी घराण्यातली विमानं फ्रान्समध्ये आजही उडतात.