पाहिलं एक, आठवलं भलतंच

पाच-सहा वर्षांच्या मुलांना काही चित्रं दाखवली. काही नेहमीसारखी, काही मुद्दाम उलटी: मुलगी करवतीने लाकूड कापतेय, असली. आठवड्याभराने तीच मुलं उलट्या चित्रांबद्दल बऱ्याचदा भलतंच सांगू लागली. म्हणे, लाकूड मुलगा कापत होता. कॅरल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्व्हरसन या मानसशास्त्रज्ञांचा हा 1983 सालचा प्रयोग. पोरं खोटं बोलत नव्हती. डोक्यातल्या साच्यात न बसणारं चित्र त्यांच्या स्मृतीनेच परस्पर ‘दुरुस्त’ केलं होतं.

बाईने काय करायचं, पुरुषाने काय, याचे जाहिरातींतले साचे मोडायचे तर मुलांना कपडे धुणारे बाबा आणि ट्रक चालवणारी आई दाखवा, असं सगळेच सांगतात. जरूर दाखवा. पण नुसतं दाखवून भागत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात हे रोज दिसतं. घरोघरी बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, भिजवलेल्या पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि माल कारखान्यात नेऊन द्यायचा. मजुरी हजार विड्यांमागे. आणि तिथल्याच एखाद्या पोराला विचारा, घरात कमावतं कोण? ‘पप्पा.’ मग आई? ‘ती घरीच असते.’ कमावता माणूस म्हणजे सकाळी बॅग घेऊन दाराबाहेर पडणारा, हे पडद्यावर इतक्यांदा पाहिलेलं असतं की समोरची कमाई कमाई वाटतच नाही. पोरांना तरी काय बोलायचं? शाळेच्या फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहून आपणही मोकळे होतोच.

यावर रिबेका बिगलर आणि लिन लिबेन यांनी 1992 मध्ये एक वेगळाच उपाय तपासला. लहान मूल माणसाकडे एका वेळी एकच चिठ्ठी लावून बघतं. ‘बाई’ ही चिठ्ठी लागली की ‘मेकॅनिक’ची लागत नाही. म्हणून त्यांनी 5 ते 10 वर्षांच्या मुलांना एकाच वेळी दोन कसोट्यांवर गट पाडायला शिकवलं. दुसऱ्या काही मुलांना नियम शिकवला: कुठल्याही कामासाठी दोनच गोष्टी बघायच्या, ते आवडतं का आणि येतं का. ज्यांना हे जमलं त्यांचे साचे सैल झालेच, शिवाय साच्याबाहेरची माहितीही त्यांना नीट आठवू लागली.

घरी याला टॉवेल-नॅपकिनचा ढीग पुरे, आणि सोलापुरात तो नसलेलं घर सापडायचं नाही. आधी रंगाने लावा, मग आकाराने, मग दोन्हींनी एकदम: लाल मोठे, लाल लहान, निळे मोठे, निळे लहान. हे जमलं की वर्तमानपत्रातले फोटो कापून तोच खेळ माणसांचा. एकीकडे बाई-पुरुष, दुसरीकडे काम. एखादा खण रिकामा राहिला, तर का राहिला यावर बोलता येतं.

बोलण्यावरून आठवलं. 2012 मध्ये मार्जोरी ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांना ‘झार्पी’ नावाच्या काल्पनिक माणसांचं पुस्तक दाखवलं. ‘या झार्पीला अमुक किड्याची भीती वाटते’ असं ऐकणाऱ्यांपेक्षा ‘झार्पी अमुक किड्याला घाबरतात’ असं ऐकणारी मुलं तो त्यांचा जन्मजात स्वभावच मानू लागली. तेव्हा टीव्हीला नावं ठेवण्याआधी घरातली ‘मुली रडक्याच’, ‘मुलांना कुठलं स्वयंपाकातलं कळतंय’ ही वाक्यं कमी केलेली बरी.

जाहिरात उद्योगाची स्वनियंत्रण संस्था ‘ॲस्की’ हिने जून 2022 मध्ये लिंगभावाच्या साच्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाईला घर झाडताना दाखवायला त्यांत मनाई नाही. ते काम कायम तिचंच, किंवा तिला दुसरा पर्यायच नाही, असं सुचवायला मात्र आहे. पोरांच्या हाती द्यायला हेच दोन प्रश्न मला सगळ्यात आवडतात: ‘नेहमीच?’ आणि ‘फक्त हिनेच?’

‘कंपनी आपल्याला फसवते’ हे व्याख्यान बालवाडीतल्या मुलासमोर वाया जातं. जाहिरात आपलं मन वळवायला बनवलेली असते, हे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना नीट उमगतच नाही. तिसरी-चौथीपासून मात्र विचारावं: याचे पैसे कोणी दिले, आणि यात कोण दिसत नाही? सात रस्त्याहून नवी पेठेत जाताना रिक्षात हा खेळ झकास रंगतो. वाढदिवसाचे फ्लेक्स लागलेले असतील तर मोजणी फारच सोपी: भाऊ, दादा, साहेब आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. बाई दिसते ती बहुधा साडीच्या दुकानाच्या बोर्डावर. आत गादीवर बसून साडी उलगडून दाखवणारे काका त्या बोर्डावर का नाहीत, असं पोरीने विचारलं, तर दुकानात शिरल्यावर काकांनाच विचारायला सांगा.