पपईवरची पांढरी कीड आणि तिचा जुना वैरी

"लोकरी मावाच हाय हा. उसावरनं आता पपईवर चढलाय." पलूसजवळच्या बागेत एका शेतकरी मित्राने पान उलटं करून माझ्यापुढे धरलं. पांढरं, पिठूळ, चिकट. सांगलीकराला हे बघून २००२ चा जुलै आठवणारच. त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पुढे सगळ्या ऊसपट्ट्यात पसरला.

पण ही कीड वेगळी. हा पपईवरचा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि तमिळनाडूत पपई, तुती, टॅपिओका या पिकांची त्याने दैना केली. अंगावर मेणाचा थर असल्याने फवारणी नीट लागत नाही. आपल्या मूळ मुलखात मात्र हाच ढेकूण आटोक्यात असतो, कारण तिथं त्याचे वैरी आहेत. कीड आपल्याकडे आली, वैरी तिकडेच राहिले.

मग वैऱ्यालाच बोलावलं. २०१० मध्ये बंगळूरच्या आपल्या राष्ट्रीय कीटक संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने प्वेर्तो रिकोहून मूळ मेक्सिकोतल्या तीन जातींचे परोपजीवी कीटक आणले, विलगीकरणात पारखले आणि त्याच वर्षी शेतात सोडले. त्यांतली ॲसेरोफॅगस पपायी ही जात सरस ठरली.

ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण लांबी एक मिलिमीटरसुद्धा नाही. मादी ढेकणाच्या पिल्लाच्या अंगात अंडं घालते. अळी आतून त्याला खात वाढते, पिल्लू फुगून कडक होतं आणि एक दिवस त्या कवचाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते.

मला खरी भुरळ पडते ती आतल्या झुंजीची. कीटकाच्या रक्तातही पहारेकरी पेशी असतात. परकं अंडं आलं की त्या त्याला गराडा घालतात, थरावर थर चढतात, वर मेलॅनिनचं काळं कवच बसतं आणि अंडं आत मरतं. अनोळखी परोपजीवीची अंडी अनेकदा अशीच वाया जातात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैऱ्याचं तसं नसतं. ज्या माश्यांची अंडी या पहाऱ्यातून निसटली, त्यांचाच वंश पुढे चालला. म्हणून हा वैरी किडीच्या मूळ गावीच शोधावा लागतो, आणि म्हणूनच हे काम एका देशाच्या आवाक्यातलं नाही.

कीड दाट असली की माशीला सावज चटकन सापडतं आणि तिची संख्या वाढते. कीड विरळ झाली की माश्याही घटतात, पण संपत नाहीत. पुन्हा कीड आली तर त्या हजर असतात.

परका जीव आणणं जोखमीचंच. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाने उसातले भुंगेरे खायला हवाईहून मोठे बेडूक आणले. भुंगेरे राहिले आणि दिसेल ते खाणारे बेडूकच देशाच्या उत्तर आणि पूर्व भागात डोकेदुखी झाले. आज कुठलाही मित्रकीटक आणण्याआधी तो एकाच किडीवर जगतो ना, हे तपासायचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. 'सगळ्या किडींवर एकच सेंद्रिय औषध' अशा बाटल्यांवर म्हणूनच पैसे घालवू नका. सगळं मारणारं औषध या माशीलाही मारतं. आणि बागेला नजर लागली म्हणून लिंबू बांधल्याने ढेकूण हलत नाही, एवढंही सांगतो.

मित्राच्या पानावर भिंग धरलं. पिठाखाली पिवळसर ढेकूण होते आणि मधेमधे फुगलेली तपकिरी कवचं. दोनांवर गोल भोक. पानं जाळायला काढलेली, ती थांबवली. एक पान काचेच्या बरणीत घालून तोंडाला मलमल बांधली. पाचव्या दिवशी काचेवर ठिपके चालताना दिसले. मित्राने बरणी पपईच्या बुंध्याशी नेली आणि मलमल सोडली.