स्कॅनरमध्ये गोष्ट शिरली कशी

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याला जवळजवळ 'टॅन' एवढंच बोलता येत असे. मेंदू आणि भाषेचं नातं पुढे कित्येक दशकं असंच, बिघाडांवरून ताडलं गेलं. धडधाकट माणूस बोलणं ऐकताना त्याच्या डोक्यात काय चालतं, ते पाहायची सोय ईईजीने (डोक्यावरून मेंदूतले विद्युत बदल टिपणारी चाचणी) आणि पुढे एफएमआरआयने (मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून त्याचं काम दाखवणारा स्कॅनर) केली. या यंत्रांच्या अटी मात्र जाचक होत्या.

ईईजीत एका शब्दाला मिळणारा प्रतिसाद इतका क्षीण असतो की कितीतरी वाक्यांची सरासरी काढल्यावरच तो दिसतो. त्यात डोळे हलले तरी नोंद बिघडते. म्हणून वाक्य पडद्यावर एकेक शब्द सुटा करून दाखवत. १९८० साली कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी अशीच वाक्यं दाखवली. एकात गरम पावाला चक्क मोजे फासले होते. विसंगत शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक ऋण विद्युतलहर उमटली, तीच 'एन४००'. शोध मोलाचा, आजही रोज वापरात असलेला. पण अशी वाक्यं प्रयोगशाळेबाहेर कोण बोलतं?

एफएमआरआयची अडचण वेगळी. रक्तप्रवाहातला बदल शब्दानंतर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. तोवर बोलणारा दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला असतो.

खरीखुरी भाषा संशोधकांना नको होती असं नाही. गोष्टीत आवाज, व्याकरण, अर्थ, भावना सगळं एकदमच बदलत असतं, त्याचा हिशेब मांडायचा कसा हा पेच होता. तो सुटला सिनेमामुळे. उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली पाच जणांना स्कॅनरमध्ये अर्धा तास काऊबॉयपट दाखवला आणि एकाच्या मेंदूतले चढउतार थेट दुसऱ्याच्या चढउतारांशी ताडून पाहिले. ते बऱ्याच भागांत जुळले. पडद्यावर काय घडतंय याचं आधी गणित मांडायची गरजच राहिली नाही! माझ्या मते खरं वळण हेच. नंतरची मोठी यंत्रं आणि मोठे आकडे त्यापुढे दुय्यम.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात हीच युक्ती गोष्टींना लावली गेली. २०११च्या एका प्रयोगात सांगितलेली गोष्ट कधी शब्द, कधी वाक्यं, तर कधी परिच्छेद उलटसुलट करून ऐकवली. ध्वनी टिपणाऱ्या भागांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या पलीकडचे काही भाग वाक्य अखंड असलं तरच श्रोत्याश्रोत्यांत जुळत, आणि काहींना सबंध परिच्छेदच लागत. सुट्या शब्दांच्या प्रयोगांत हे दिसणं शक्यच नव्हतं.

२०१६ साली बर्कलीत अलेक्झांडर हथ, जॅक गॅलंट आदींनी सात जणांना दोन तासांहून अधिक काळ रेडिओवरच्या गोष्टी ऐकवून कोणत्या अर्थाचे शब्द मेंदूत कुठे प्रतिसाद उमटवतात याचा नकाशा काढला. पुढे संगणकी भाषा-मॉडेल (प्रचंड मजकुरावरून भाषा शिकलेले प्रोग्राम) आली आणि गोष्टीतल्या प्रत्येक शब्दाला संदर्भासकट आकड्यांत बसवणं सोपं झालं.

हे बहुतेक काम इंग्रजीतलं. २०२२ साली एमआयटीच्या एव्हेलिना फेडोरेंको यांच्या गटाने 'ॲलिस इन वंडरलँड' या गोष्टीतले उतारे ४५ भाषांत ऐकवले, त्यांत मराठीही होती. बहुतेक भाषांचे भाषक मात्र फक्त दोन-दोन. तेवढ्यावर मराठीबद्दल वेगळं काही म्हणता येत नाही. सगळ्या भाषांत भाषा हाताळणारं मेंदूतलं जाळं साधारण तेच, एवढं कळतं.

आणि स्कॅनरमध्ये निश्चल पडून गोष्ट ऐकणं तरी कितपत नैसर्गिक? २०२५ साली हॅसन यांच्या गटाने चार जणांच्या सुमारे १०० तासांच्या उत्स्फूर्त गप्पांच्या नोंदी अभ्यासल्या. घरच्यांशी, डॉक्टरांशी, कुणीही विषय न ठरवता केलेल्या. चौघेही अपस्माराचे रुग्ण. फिट कुठून सुरू होते हे शोधण्यासाठी त्यांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले होते. ते कुठे बसवायचे हे उपचारांच्या गरजेनुसार ठरतं, त्यामुळे प्रत्येकाच्या मेंदूतल्या वेगवेगळ्या जागा दिसतात आणि उरलेल्या दिसतच नाहीत.