काळी जमीन (धातूवरील कोरीव काम)

धातूवर हाताने कोरलेल्या नक्षीचा खोलगट भाग काळा करायचा आणि वर राहिलेला भाग चकचकीत ठेवायचा, या कामाला सराफ आणि कारागीर सरसकट ‘ऑक्सिडाइज करणे’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने हा शब्द चुकीचा आहे. चांदीवरचा हा काळा थर ऑक्साइडचा नसून सल्फाइडचा, म्हणजे चांदी आणि गंधक यांच्या संयोगाचा असतो. पण नाशिकच्या सराफ बाजारात ‘सल्फाइडचे पैंजण दाखवा’ म्हटले, तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील.

काळेपणाची गरज उजेडामुळे पडते. वेल कितीही नाजूक कोरलेली असो, सगळाच धातू लखलखत असेल तर पान कुठे संपले आणि मोकळी जागा कुठे सुरू झाली ते हातभर अंतरावरून कळत नाही. म्हणून नक्षीभोवतीची जागा, जिला ‘जमीन’ म्हणतात, आधी छिन्नीने किंचित खाली घेतात. वस्तू हलू नये म्हणून ती राळेत बसवलेली असते. मग बारीक टोकाच्या ठशाने ठिपक्याला ठिपका भिडवत सगळी जमीन खरखरीत करतात. ठिपके सरळ ओळीत पडले की नजर नक्षी सोडून त्या ओळीच बघते, म्हणून ते मुद्दाम विस्कटून मारावे लागतात. पेल्यावरच्या चार बोटे रुंद पट्ट्यातही असे हजारो ठोके बसतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण पुढचे सगळे त्यावर उभे असते. गुळगुळीत जमिनीवरचा काळा थर बोटाच्या घासण्यानेही उतरतो, ठिपक्यांच्या खळग्यांतला टिकतो. नीट ठोकलेली जमीन काही न लावताही करडी दिसते, कारण प्रत्येक खळगा उजेड वेगळ्या दिशेला फेकतो.

चांदीसाठी गंधकाचे पाणी वापरतात. गंधक आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र तापवून झालेला खडा कोमट पाण्यात विरघळवला की ते तयार होते. गंधक नाशिककरांना नवे नाही. द्राक्षबागेत भुरी रोगावर त्याचीच फवारणी होते. या पाण्याला मात्र कुजक्या अंड्यांचा वास येतो, आणि त्यात चुकून आम्ल पडले तर विषारी वायू सुटतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे. त्यात बुडवलेली चांदी आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर होत काळी पडते. पाणी फार तीव्र केले तर काळा जाड बसतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. फिक्या पाण्यात चार-पाच वेळा बुडवून, दर वेळी धुऊन घेतलेला थर चिवट असतो. घरी अनुभव घ्यायचा तर उकडलेले अंडे कुस्करून चांदीच्या अंगठीसोबत बंद डब्यात ठेवावे. काही तासांत अंगठी काळवंडते.

तांबेही गंधकाला असेच दाद देते. पितळेत जस्त असल्याने ते सहजी काळे होत नाही. त्यावर आधी तांब्याचा पातळ थर चढवावा लागतो किंवा वेगळी रसायने वापरावी लागतात. मुरादाबादच्या पितळकामात रसायनाऐवजी खाचांत रंगीत वा काळी लाख भरतात. बिदरी कामात क्रम उलटा असतो: जस्ताचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रधातूत चांदी जडवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर लावून भोवतालचा धातू काळा करतात. शुद्ध सोन्यावर गंधकाचा काहीच परिणाम होत नाही. कुठल्याही धातूवर चालणारा साधा मार्ग म्हणजे तेलाचा काळा रंग किंवा दाट शाई जमिनीत चोळणे. तो स्वस्त पडतो, पण लवकर निघतो.

खरा हात दिसतो तो उंचवट्यांवरचा काळा पुसून ते पुन्हा चकचकीत करताना. मऊ फडके बोटावर गुंडाळून पुसले तर ते खाचेत शिरते आणि जमिनीतला काळाही घेऊन येते. म्हणून लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर ताणून बसवलेले कापड किंवा कडक पुठ्ठा फक्त उंचवट्यांवरून फिरवतात.

मराठी घरात ‘काळे पडले’ ही तक्रार असते. देवघरातले टाक कोरलेले नसून ठोकून उठवलेले असतात, आणि त्यांच्या खाचांतला काळा कुणी लावलेला नसतो. हवेतला गंधक, तेल आणि कुंकू यांनी तो वर्षानुवर्षे साचतो. सणाआधी ते सोनाराकडून उजळून आणण्याची रीत आहे. मुद्दाम काळी केलेली वस्तू त्याच हिशेबाने घासली की पंचाईत होते. काळवंडलेली चांदी साफ करण्याची तयार द्रावणे आणि अॅल्युमिनियमच्या कागदावर खायचा सोडा व गरम पाण्याचा उपाय, दोन्ही नकोसा काळा आणि हवासा काळा यांत फरक करत नाहीत. चिंचेने किंवा लिंबू-मिठाने तांब्यावरचा थर निघतो. म्हणून मुद्दाम काळी केलेली वस्तू कोरड्या मऊ कापडाने वरवर पुसावी. काळा गेलाच, तर ठिपके शाबूत असेपर्यंत तो पुन्हा चढवता येतो. राखेने घासून जमीनच गुळगुळीत झाली असेल, तर आधी ती नव्याने ठोकावी लागते.